सळई सरळच असते, असे तुझ्या चिरंजीवांचे म्हणणे

प्रिय धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला निघाला का आपल्या घरी? इकडे माणसे ठणठणीत आहेत, माल तेवढा अडून बसला आहे. फोनच करणार होतो, पण तुझे चिरंजीव माझ्याकडेच राहतात आणि घर एवढेसे की भिंतीला कान लावायचीसुद्धा गरज नाही. म्हणून पत्र.

तुझा लेक आमच्या मालधक्क्यावर वर्गवारी अधिकारी होऊन आला तेव्हा माझी छाती फुगली होती (अजून थोडी फुगलेली आहे, खोटे कशाला बोलू). आमचे काम साधे. कारखान्यातून लोखंडी सळईच्या कॉइली येतात, म्हणजे ही मोठाली वेटोळी. आम्ही बांधणीवाले त्यांना पट्ट्या आवळतो, खाली लाकडी ठोकळे देतो आणि मालगाडीत चढवतो. चिठ्ठीवर मालाचा वर्ग लिहून शिक्का मारायचा, एवढेच साहेबांकडे. आजवर प्रत्येक साहेब मुकाट 'सळई' लिहीत आला. आमच्या साहेबांनी (घरी मी त्याला बाळ्या म्हणतो, धक्क्यावर जीभ चावतो) दरपुस्तक उघडले, कॉइलीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "मामा, सळई सरळ असते. हे गोल आहे."

"अरे, गुंडाळलीय ती."

"मग सिद्ध करा."

केले सिद्ध. पट्ट्या तोडल्या. कॉइल अशी उसळली की बांधणीवाले टेबलाखाली आणि कारकून कपाटावर (तिथे कसा चढला, हे त्यालाही सांगता येत नाही). मग सगळ्यांनी ओढून ओढून ती सरळ केली, तर टोक फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून थेट न्हाव्याच्या दुकानात. तो बिचारा गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून टोक धरून उभा. साहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि प्रसन्न झाले: सळईच आहे. पण एवढा लांब डबा कुठल्या मालगाडीला असतो? पुन्हा गुंडाळली. तर आता म्हणतात, एकदा सरळ करून परत वाकवलेले लोखंड म्हणजे भंगार. बाकीच्या कॉइली सिद्ध व्हायच्या आहेत म्हणून पडून आहेत.

शनिवारी गाडी सुटते. ती रिकामी गेली तर ठेकेदार सगळ्या बांधणीवाल्यांना घरी बसवणार. मुकादम म्हणाला, "काका, तुमचा भाचा म्हणून गप्प आहोत. घरी जरा समजवा की त्याला." घरी समजावले. त्याने वरणाची वाटी बाजूला सारून मला कलम वाचून दाखवले.

तुझा,
दादा

ता. क. खरे काम राहिलेच. गुडघा धरलाय असे सांगून त्याला दोन दिवस बोलावून घे. साहेब रजेवर गेले की शिक्का धक्क्यावरच्या सर्वांत जुन्या माणसाकडे येतो, म्हणजे माझ्याकडे. मात्र बेताने दुखू दे, नाहीतर पोर रडत येईल. आणि आला की बसवून जेवू घाल.

आणखी एक. शिक्का येणार म्हणून जेवण झाल्यावर ते दरपुस्तक मीही चाळले. धाकटे, पोरगा अगदीच चुकत नाही गं. 'सळई'पुढे 'सरळ' असे स्वच्छ छापले आहे. उद्या कुणी विचारले तर उत्तर मला द्यावे लागेल. तेव्हा बोलावण्याची घाई नको, आम्ही दोघे मिळून बघतो. आत्ताच मुकादम दाराशी येऊन विचारत होता, "काका, शनिवारी भरायचं ना?"

मी म्हटले, लेखी विचार.