डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं

बाबा, परवा मी डॉक्टरीणबाईंपुढे तुमच्याबद्दल धडधडीत खोटं बोलले. तुमची नात पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे अमरावतीला आलीय. डोहाळजेवणात ओवाळायला निरांजन पुढे केलं, तशी ती पाटावरून उठून पळाली. मोरीत जाऊन थरथरत बसली. बाया म्हणाल्या, नजर लागली. कसली नजर न् कसलं काय! पोरगी दिवसातून वीस वेळा गॅसचं बटण पाहते. शेवटी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं होतं का?" मी पटकन बोलून गेले, "नाही बा, आमच्याकडे सगळे खंबीर."

मग बाईंनी समजावलं. मोठी धास्ती बसली की जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर खुणा बसू शकतात, आणि कोणत्या जनुकानं किती काम करायचं हे त्या खुणांवरही ठरतं. उंदरांमध्ये अशी भीती पिल्लांपर्यंत गेलेली दिसलीय. माणसांचं अजून नक्की नाही, आणि या खुणा उपचारानं, मायेनं बदलूही शकतात. पोरीनं तेवढं पिल्लांचंच ऐकलं. ऑटोत पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, मी याले काय देऊन राहिली वं?" तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मला अकोल्याचं ते कापसाचं जिनिंग आठवत राहतं, तुम्ही कामाला होता ते. मी नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन येते आहे. वाटेत आईसाठी काडीपेटी घेतली, ती फ्रॉकच्या खिशातच. फाटकावरचा चौकीदार काडीपेटी-विडीसाठी सगळ्यांचे खिसे चाचपतो, मला मात्र सोडतो. "जाय बाप्पा, तू तं घरचीच." कापसाच्या ढिगाजवळ तुम्ही डबा घेता आणि माझा खिसा खुळखुळतो. तुमचा चेहरा पांढराफटक. कामावरच्या बायांसमोर थाडकन माझ्या कानाखाली. "सगळ्याईले जाळतं काय वं?" आणि मग तुम्हीच मटकन खाली बसता. रडायचं मला होतं, अन् पाणी सगळे तुम्हाला पाजत होते.

माझ्या जन्माआधी त्याच जिनिंगला आग लागली होती, तुमचे दोन सोबती तुमच्यासमोर गेले, हे आईनं मला तुमच्या तेराव्यानंतर सांगितलं. तुमी काहून नाही सांगतलं हो? एवढा राग येतो! चूल विझल्यावर राखेत हात घालून पाहणारा बाप आम्ही तऱ्हेवाईक समजलो.

आज सकाळी मेथी निवडता निवडता पोरीला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे आबाजी माह्यासारखेच होते?" दुपारी दोन भाकरी खाल्ल्या तिनं, कितीतरी दिवसांनी. उद्या बाईंकडे जाऊन आम्ही खरं काय ते सांगणार आहोत.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही, म्हणून या कागदावर लिहितेय, आणि हा कागद कोणाच्या हाती लागू देणार नाही. ही माझ्या पोटात होती तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी पेरू घेऊन मला पाहायला यायचे. फाटकाची कडी वाजली की माझे हातपाय गार पडायचे. मले आगीचं भेव कधीच नव्हतं, बाबा. तुमचं होतं.