कढईतली परीक्षा

ठाकूरद्वार, मुंबई
ता. ६ जानेवारी १९५९

ती. अप्पांना मृणालिनीचा शि. सा. न. वि. वि.

बेळगाव महाराष्ट्रात आणल्याशिवाय परतणार नाही म्हणून ताईकडे जाऊन बसलात, तर तिथेच एक काम धाडते. सोबत आमच्या कारखान्याचे वनस्पती तुपाचे दोन डबे आहेत. नाक मुरडू नका! पंक्तीत जिलबी नाकाशी नेऊन तूप ओळखणारं माणूस मी दुसरं कुठून आणू?

एका डब्यात मी माशाच्या तेलातलं ‘ड’ जीवनसत्त्व घातलंय. कुठल्या, ते सांगत नाही. भोईवाड्याच्या बालवाडीत मुडदूस झालेली मुलं आहेत. चाळीच्या तळमजल्यावर ऊनच शिरत नाही. त्यांतली दुर्गा तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नाही, पाय पार वाकलेत. तेल चमच्याने दिलं की ओकते. म्हणून बालवाडीच्या पुरीतूनच ते तिच्या पोटात घालायचंय. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तूप चाखून पास केलं, महिनाअखेर डबे जातील. पण मुलांनी घास थुंकला तर प्रयोग तिथेच बंद. खरं काय ते कळवा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची मृणालिनी

बेळगाव
ता. १३ जानेवारी

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

डबे पोचले. चाटून पाहिले तो दोन्ही सारखेच. तुझ्या साहेबांनी एवढेच केले असणार! चाटून पुऱ्या होत नसतात, बाळ. तुझ्या ताईला, लीलाला, कढई चढवायला लावली. तूप तापले मात्र, हिरव्या झाकणाच्या डब्याने घात केला. आज कोणती मासळी आणली, म्हणून शेजारच्या बाई विचारायला आल्या. आपण पाठारे प्रभू, मासळी माझा जीव की प्राण. पण पुरीत तिचे काय काम?

हे लिहू की नको, असे क्षणभर झाले. प्रयोगशाळेत तू एकटी मुलगी, आणि साहेबांनी पास केलेले तू नापास करायचे! पण त्या पोरीने घास टाकला तर तुझ्या शाबासकीला कोण विचारतो? साहेबांपुढे तू बोलशीलच, म्हणून लिहिले.

प्रकृतीस जपावे, पत्रास उशीर नसावा.
अप्पा

ठाकूरद्वार
ता. ३० जानेवारी

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, बेळगावच्या म्हाताऱ्याच्या नाकावर कारखाना चालत नाही. मला असा राग आला! तिथल्या तिथे प्रयोगशाळेत कढई चढवली आणि पुऱ्या लाटल्या. वेड्यावाकड्याच झाल्या, ताईला सांगू नका. पहिली पुरी फुगायच्या आत साहेबांनी स्वतः खिडकी उघडली. डबे थांबले.

आता यीस्टपासून बनवलेलं ‘ड’ मागवलंय, त्याला हा वास नाही. या खेपेला आधी तळून पाहीन. साहेब अजून फुरंगटलेलेच आहेत. असू देत.

लोभात उणं पडू देऊ नका.
मृणालिनी

ठाकूरद्वार
ता. २० ऑगस्ट

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

मार्चपासून मुलं पुऱ्या खाताहेत, वर मागून घेतात. डॉक्टरांनी सकाळचं ऊनही द्यायला लावलंय, तेव्हा सगळं श्रेय तुपाचं नाही. पण काल काय झालं ऐका. दुर्गाची आई कांताबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात आहे. पाळी सुटल्यावर ती आमच्या फाटकाशी आली. पहारेकरी अडवू लागला, तर म्हणाली, मला काही नको, पोरीला तेवढी आत सोडा. दुर्गा फाटकातून आत चालत आली. पाय अजून थोडे वाकडे आहेत, पण कुणाचं बोट धरलं नव्हतं. साहेब पायऱ्या उतरून खाली आले, अप्पा, आणि तुमच्या नाकाची चौकशी केली.

आशीर्वाद असाच पाठीशी असू द्या.
मृणालिनी

बेळगाव
ता. २७ ऑगस्ट

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आमच्या सीमालढ्याच्या बैठकीत मोठ्याने वाचायला घेतले. माझी मुलगी कारखान्यात शास्त्रज्ञ आहे, हे आधी दोनदा सांगून झाले. मग वाचू लागलो. दुर्गा फाटकातून आत चालत आली, इथवर आलो आणि पुढे वाचवेना. उरलेले लीलाने वाचले.

तुझा
अप्पा