क्रोशाची लेस आटली कशी?

बुधवार, संध्याकाळ

रविवारी दादाच्या लेकीचं बारसं. तिच्या झबल्याला मी विणलेली क्रोशाची लेस शिवली, आज धुतलं, आणि सगळा घेर चुणला! कापड तर होतं तेवढंच आहे. मग लेसच आटली? किती?

आई ब्लाऊज शिवता शिवता हसली. "बी.एस्सी. झालीस की गं! सुती दोरा पाण्यात आटतोय, ठावं न्हाय व्हय? आधी लेस धुवायची, मग लावायची."

उसवून मोजली. वितीमागे बोटभर कमी. एवढं कसं काय? आणि चौथी शिकलेल्या आईला हे कुणी सांगितलं?

"कुणी न्हाय. तुझ्या बारशाला तू चुणलेलंच झबलं घालून मिरवलीस."

भाचीचं तसं होऊ देणार नाही. कमी पडलेली लेस विणायला घेतली आहे; ती धुऊन मगच लावीन.