मधला खण

कॉटनपेट, बेंगळूर
१२ जून १९६१

प्रिय मथुरे,

तुझं पत्र पोचलं. खुशालीच्या चार ओळी आणि तुझ्या नवऱ्याच्या शंकेचं अख्खं पान! देवाप्पांना सांग, तुम्ही धारवाडचे मास्तर, मी दुसरीत शाळा सोडलेली बाई. ते म्हणतात, खण हा शब्द ‘खंड’वरून आला असेल. असेल बापडा. आमच्याकडे तो सुताराच्या तोंडून आला. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे खण. खोल्या किती असं कुणी विचारत नसे, घर किती खणांचं असं विचारत. शेजारची गंगव्वा कानडीत त्यालाच अंकण म्हणते. मी म्हटलं, तुम्ही आमचा शब्द उचललात. तर म्हणते कशी, अक्का, उचलला असता तर धुऊन परत दिला असता.

तू लग्न करून गेलीस, त्यानंतर वर्षभरात तुझा बाप शामसुंदर आणि काका गुंडूराव वेगळे झाले. तुला कळवलं नव्हतं. दोघे जन्मभर कापड मोजणारे, पण घर मोजताना काय केलं बघ. एका ओळीत सहा खांब. तीन तुझे, तीन माझे, कागदावर सह्या. मल्लाप्पा सुतारानं एकाच्या फळ्या तिसऱ्या खांबाला ठोकल्या, दुसऱ्याच्या चौथ्याला, आणि मधला खण कुणाच्याच वाटणीत नाही! लाकूड मोजलं, मोकळी जागा मोजायची राहिली. दोघे भांडायला उठेपर्यंत मी वळकटी, स्टोव्ह आणि तांब्या तिथे नेऊन ठेवला. म्हटलं, मिटलं ना? सरी, झालं तर, आता जेवा.

तेव्हापासून मजेत आहे. दोन्हीकडून आमटी येते. तुझ्या आईची खारट, धाकट्या सुनेची पाणचट. मी एकत्र करून खाते.

आता पत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस त्याबद्दल. सहावा लागलाय आणि बाळंतपण इकडेच उरकू म्हणतेस. पहिलं बाळंतपण उरकायचं नसतं, माहेरी करायचं असतं. तुझ्या लग्नावरून बापानं दार बंद केलंय, ठाऊक आहे मला. ते त्याच्या दोन खणांचं दार. आजवर मीही तिथूनच ये-जा करायचे. काल मल्लाप्पाला बोलावून माझ्या खणाला रस्त्याकडे वेगळं दार पाडून घेतलं. शामसुंदर म्हणाला, आई, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांना इथे जागा नाही रे, एकच खण आहे. तो पाय आपटत दुकानात गेला, पण मल्लाप्पाला थांबवलं नाही. आज सकाळी तुझ्या आईनं बाजेसाठी सुतळी आणून टाकली आणि म्हणाली, जरा रुंद विणून घ्या, दोघींना पुरेल अशी. मी तर वळकटीवरच निजते; दुसरी कोण, ते मी विचारलं नाही. सातवा लागताच ये.

तुझीच,
तुंगाआजी