एका शाबूत दाढेची नोंद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, दातांची डॉक्टर, अविवाहित, एकेचाळीस वर्षे स्वतःच्या दवाखान्यात उभी राहून काम केलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री फॅमिली डॉक्टरांनी आज सकाळी करून घेतली. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनावर जाऊन थांबले; त्यांचे लक्ष तोवर घड्याळाकडे गेले होते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दबाव आणील असे कोणी या घरात राहतही नाही. नऊ वर्षांपूर्वी केलेले, निळ्या फाइलमधले मृत्युपत्र आजपासून कागद म्हणूनच उरले आहे असे समजावे.

कलम १. घर. तळमजल्यावरचा दवाखाना, वरच्या माझ्या दोन खोल्या आणि शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंना भाड्याने दिलेली मागची खोली, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या भावजयीच्या एकटीच्या नावावर व्हावे. भावाच्या नव्हे. वकिलांनी हे मला दोनदा विचारले आणि दोनदा मी हेच सांगितले. कारण कलम चारमध्ये आहे. शिवणकामाच्या बाईंना त्यांची इच्छा असेपर्यंत खोली सोडायला लावू नये. त्यांचे मशीन सकाळी सहाला सुरू होते. मला चौदा वर्षांत सवय झाली, भावजयीलाही होईल.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवून उरलेले निम्मे भावाला आणि निम्मे दवाखान्यात सव्वीस वर्षे टेबल सांभाळणाऱ्या बाईंना द्यावे. पेशंट आत येण्याआधी त्या दारातून नुसती मान हलवायच्या. मान एकदा हलली की दात दुखतोय, दोनदा हलली की दाताखेरीज दुसरे काहीतरी. त्या सहसा चुकत नसत. एकदा मी विचारले, "तुम्हाला कळतं कसं?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ज्याचा दात दुखतो तो मासिक हातात धरून बसतो. दुसरा पानं उलटतो, अगदी वेळेवर उलटतो, पण वाचत नाही."

कलम ३. हत्यारे. सर्व हत्यारे, निर्जंतुक करण्याचे यंत्र आणि पायाने वरखाली होणारी खुर्ची माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. तीही दातांची डॉक्टर आहे, तिचे तीन दवाखाने आहेत आणि तिची यंत्रे माझ्यापेक्षा कितीतरी नवी आहेत. तिला नको असल्यास तिने तसे स्पष्ट सांगावे, भिडेखातर माळ्यावर टाकू नये. खालच्या दाढा काढण्याचा मोठा चिमटा मात्र कोणालाही देऊ नये, मोडीत घालावा.

मागच्या कपाटात प्लास्टरचे जबड्यांचे साचे आहेत, तीनशेच्या आसपास. ते फोडून टाकावेत. त्यांवर नावे आहेत आणि त्यांतली काही नावे पाट्यांवर आणि पायाभरणीच्या दगडांवरही आहेत. अर्धे गाव बांधणारा एक ठेकेदार हसत यायचा, हसत जायचा. त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला चावून चावून पांढरी रेघ उमटली होती. एका मुख्याध्यापिकेने बावीस वर्षांत माझी एकही वेळ चुकवली नाही. तिच्या जबड्याचा स्नायू गोटीसारखा हाताला लागायचा आणि मागच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या, जात्याला टाकी लावायची राहून गेल्यासारख्या. ही माणसे यशस्वी होती, आणि ते यश खोटे नव्हते. फक्त त्याची किंमत तोंडाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी चुकती होत होती.

भाचीला इथेच सांगून ठेवते. "झोप लागते का?" असे विचारू नये. सगळे "मस्त" म्हणतात. "सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का?" असे विचारावे. या प्रश्नातून काय उघड होते ते माहीत नसल्यामुळे माणूस खरे सांगून टाकतो. मग त्याच्याकडे पाठ करून हात धुवावेत, नेहमीपेक्षा सावकाश. तोंडावर न बोलणारी माणसे पाठीशी बोलतात. ही युक्ती मला सुचायला तेवीस वर्षे लागली, आणि जिथे वापरायला हवी होती तिथे मी ती वापरली नाही.

कलम ४. माझा धाकटा भाऊ. तो एकोणीस वर्षे टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या वाचत होता. माझे पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायचे, "तुमचे बंधू बातमी देतात ना, तेव्हा भूकंपसुद्धा आपल्याला विचारून झाल्यासारखा वाटतो." घरात त्याला 'थंडोबा' म्हणत. आईला त्याचा फार अभिमान होता, मलाही होता.

झोपेत दात घासू नयेत म्हणून दातांवर चढवायचे प्लास्टिकचे कवच मी त्याला तीन वेळा करून दिले. तिन्ही त्याने काही महिन्यांत चावून फोडली. परक्या माणसाने एक जरी फोडले असते तरी मी पाठ करून हात धुवायला लागले असते. भावाला म्हणाले, "तुझा जबडा बाबांवर गेलाय." घरातल्या ज्या भिंतीवर सगळे फोटो टांगलेले असतात तिला तडा गेलाय का, हे कोणी पाहत नाही.

सोळा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीनला तो न सांगता आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, खालची उजवी दाढ काढ."

मी पाहिली. ठोकून पाहिली, गार पाणी सोडून पाहिले. दाढ पूर्ण शाबूत होती.

"ही ठणठणीत आहे."

"काढ."

"अरे, पण कशाला?"

"तोंड सुजलं की आज वाचावं लागणार नाही." हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात तो हे बोलला.

"मग सुट्टी घे ना."

"काय सांगून?"

वाद घालण्यापेक्षा हाताला काम देणे मला नेहमीच सोपे गेले आहे. मी सुई दिली आणि दाढ काढली. मुळे घट्ट होती, वीस मिनिटे लागली. कार्डावर 'कीड, पू' असे लिहिले. भावजयीला फोन करून तेच सांगितले, वर तीन दिवस पातळ खायला द्या असेही सांगितले. तिने दिले.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. खुर्चीत बसला, तोंड उघडले आणि डाव्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "आता ही."

तेव्हा मी ट्रे बाजूला ढकलला, वरचा दिवा बंद केला आणि त्याच्याशेजारी खालच्या स्टुलावर बसले. बत्तीस वजा एक, वजा दोन, असा हिशेब तो मनात घेऊनच आला होता. टेबलवरच्या बाईंनी बाहेरच्या पेशंटांना परत पाठवले. मी त्यांना तसे सांगितले नव्हते.

तो म्हणाला, "रोज चारला हात गार पडतात. वाचताना सारखं वाटतं, पुढचा शब्द घशात अडकणार. सगळ्यांच्या देखत."

"आजवर एकदा तरी अडखळलास का?"

"नाही ना. म्हणून तर."

तो रडला नाही. त्याचे दात वाजत होते, आणि बाहेर कडक ऊन होते. सहा वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग मी त्याच्या ऑफिसला फोन केला आणि या वेळी दातांचे नाव घेतले नाही.

त्याने मनाच्या डॉक्टरांचे उपचार घेतले. पाच महिने घरी होता. परत गेला आणि आणखी सहा वर्षे वाचत राहिला. त्यांतल्या दुसऱ्या वर्षी एका खात्याच्या लांबलचक नावावर तो खरोखरच अडखळला. "माफ करा," म्हणाला आणि पुढे वाचू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येऊन, बक्षीस मिळाल्यासारखा, म्हणाला, "ताई, काल अडकलो. काही झालं नाही गं!"

भावजयीला पुवाची गोष्ट खोटी असल्याचे त्याच्याकडूनच कळले. ती आली, बसली नाही. म्हणाली, "ताई, मी या माणसाबरोबर एका घरात राहते. त्याला भीती वाटत होती हे मला कळू नये म्हणून दोघांनी मिळून चांगली दाढ उपटलीत? मी कोण आहे मग?" दोन वर्षे तिने या घरात पाऊल टाकले नाही. स्वतःचे दात ती अजून दुसरीकडे दाखवते. बरोबरच आहे. ज्या घरात तिला खोटे सांगितले गेले त्याच्या किल्ल्या तिच्याकडे असाव्यात, एवढेच मला करता येते. ही भरपाई आहे असे तिने समजू नये.

भावाचे कार्ड मी आज दुरुस्त केले आहे. खालची उजवी पहिली दाढ: निरोगी. काढली. कारण: रुग्णाला भीती वाटत होती, डॉक्टरला बघायची नव्हती. हे कार्डही भावजयीला द्यावे. माझ्यावर कारवाई व्हावी असे कोणाला वाटल्यास त्याने जरूर तक्रार करावी. चौकशीला मी उपलब्ध नसेन.

कलम ५. मी सुरुवातीला ज्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काम केले ते म्हणायचे, "आपण दात बघायचे. दाताला चिकटलेला माणूस ज्याचा त्याने बघावा." त्यांचे काम सफाईदार होते. मी त्यांचे हे वाक्य फार वर्षे पाळले, याचा राग त्यांच्यावर काढणे योग्य नाही, तरी मी तो काढत आले. तो आता सोडला. त्यांचा मुलगा मला पोचवायला आल्यास त्याला बसायला खुर्ची द्यावी.

कलम ६. हे कलम मी खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. त्यात भाचीसाठी एका पानाचा मजकूर होता. तिच्या तिसऱ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला मी काय पाहिले ते त्यात लिहिले होते: ती प्रत्येकाशी हसून बोलत होती, घास एकाच बाजूने चावत होती, आणि दोन वाक्यांच्या मधे तिचा जबडा आवळलेला असायचा. "आत्या, सगळं एकदम मस्त चाललंय," असे तिने मला न विचारता तीनदा सांगितले. पुढे काय करावे याविषयी मी तिला बराच शहाणपणाचा सल्ला लिहिला होता.

आज सह्यांपूर्वी मी हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. समोरचे औषधवाले म्हणाले, "डॉक्टर, हे पोरीला कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "तब्येत तर तुमची चांगली दिसतेय," ते म्हणाले.

मी आत जाऊन भाचीला फोन लावला.

"आज? आत्या, आज श्वास घ्यायला वेळ नाही गं."

"तेच विचारायला बोलावतेय."

पलीकडे तिने कोणाला तरी थांबायला सांगितले. मग म्हणाली, "सहाला येते." मी बरे म्हटले. फोन ठेवणार तेवढ्यात तिने विचारले, "आत्या, आत्ताच निघाले तर चालेल?"

सबब कलम सहा रद्द. त्यातला मजकूर मृत्यूनंतर द्यावयाचा राहिलेला नाही.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, मला मान्य आहे, आणि उभय साक्षीदारांसमोर मी सही करीत आहे.

ठिकाण: राहते घर, तळमजला
दिनांक: चौदा, शनिवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे

(सही) लिहून ठेवणारी, दातांची डॉक्टर, निवृत्त

साक्षीदार:
१. (सही) फॅमिली डॉक्टर. लिहून देणारी शुद्धीत व समजून उमजून सही करीत असल्याचे मी पाहिले.
२. (सही) समोरचे औषधवाले. मीही पाहिले. सही झाल्यावर लगेच निघालो, कारण दारात गाडी थांबली होती.