दोष वरच्या हवेचा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझं मनगट कसं आहे? डॉक्टरांनी विणकाम बंद सांगितलंय ना, मग सुयांना हातसुद्धा लावू नकोस. (काकांना म्हणावं, सुया कपाटावर ठेवा.)

मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. आत्या, माझी झोप उडालीय. महिनाअखेरीस साहेब मला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, आणि मी त्यांनाच तोंडघशी पाडलंय. आमचं काम तुला ठाऊक आहे: हवा हलते, दुर्बिणीतलं चित्र पुसट येतं, मग एक पातळ आरसा क्षणोक्षणी वाकवून ते ताळ्यावर आणायचं. एका ताऱ्यापुरतं हे जमतं. साहेबांना मात्र आभाळाचा मोठा तुकडा एकदम स्वच्छ हवा, आणि मधला तारा सुधारला की कडेचे रुसतात, कारण उंचावरची हवा प्रत्येकाच्या वाटेत निराळी. दुर्बिणीजवळची हवा तेवढी सगळ्यांना सारखीच. (हे लक्षात ठेव. मी ठेवलं नाही.)

गेले तीन आठवडे मधले, कडेचे, झाडून सगळे तारे सारखेच पुसट. साहेबांनी कारण विचारलं, मी ठोकून दिलं, वरचे वारे! त्या भल्या माणसाने तसं वरिष्ठांना कळवून वरच्या हवेसाठी आणखी दोन आरसे मागितले. काल दोष किती उंचीवर आहे ते मोजणारं यंत्र आलं. त्याचं उत्तर, पंधरा फूट. दुर्बिणीच्या बरोबर खाली माझी खोली, गरम हवा वर चढून चित्र हलवते म्हणून इमारतीत हीटरला सक्त मनाई, आणि माझ्या टेबलाखाली हीटर (पाय बर्फ होतात गं!). काखेत कळसा नि गावाला वळसा. तो आकडा अजून मी एकट्यानेच पाहिलाय, तरी साहेब जिन्यात नुसते खाकरले की मी हीटर पायाने आणखी आत सारतो. आज दुपारी जाऊन सांगणार आहे. काय व्हायचं ते होवो.

तुझा घाबरलेला,
भाचा

ता. क. सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं आणि स्वतःच्या टेबलाखालून दुसरा हीटर बाहेर ओढला. (त्यांची खोली माझ्या शेजारचीच.) दोन्ही बंद केले. आज रात्रीच्या चित्रात मधले तारे टाचणीच्या टोकासारखे आलेत. कडेचे अजून रुसलेलेच आहेत, म्हणजे ते दोन आरसे लागणारच! साहेबांची अब्रू वाचली.

ता. क. २. मला कायम करण्याचा कागद त्यांच्या खणात आहे. पायांत ऊब आली की सही करतो म्हणाले. (थट्टेने म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही.) तर लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे, दोन जोड. साहेबांचा पाय नऊ नंबरचा. काकांना म्हणावं, सुया खाली काढा.