टपालवाला आणि चाळीस हजार गवताची पाती

४ जून, संध्याकाळी ६
गेम डेव्हलपर म्हणे! आज दिवसभर काय केलं, तर जाहिरात बंद करायची फुली बारीक केली. बॉस म्हणाले, अजून थोडी. बोट चुकून जाहिरातीवरच पडलं पाहिजे. शिसारी आली. केली बारीक. ‘झकास’ म्हणाले. त्याचीही शिसारी.

५ जून
बस झालं. महिनाअखेरीला छोट्या गेम्सचं प्रदर्शन आहे, तिथे टेबल घेतलं. दहा दिवसांची रजा टाकली. सहा वर्षं रखडलेला माझा स्वतःचा गेम पुरा करणार. एक टपालवाला, एक पत्र, एक डोंगर. बंदुका नाहीत, नाणी नाहीत. बायको म्हणाली, ही रजा माझ्या ताईकडे जायला राखून ठेवली होती ना? मी कलेविषयी बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि एकटीची बॅग भरली.

१५ जून, सकाळी ७
रजा सुरू. गेम ज्यावर चालतो ते इंजिन रेडीमेड वापरणार नाही. ते वापरणारे डेव्हलपर नव्हेत, भाडेकरू. माझं इंजिन मी लिहिलंय. सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतं, पण माझं आहे.

१७ जून
गवत झालं! चाळीस हजार पाती, प्रत्येक वेगळं डोलतं. टपालवाला अजून चालत नाही, बसल्या बसल्या घसरतो. किरकोळ.

१९ जून
गवत उंच झालं, टपालवाला दिसेना. त्याला टोपी दिली. आता टोपी घसरताना दिसते. बायकोचा फोन. विचारलं, पत्र कुणाला आहे? म्हटलं, ठरलेलं नाही. मग तो निघालाय कशाला, म्हणाली. अशा प्रश्नांनीच चांगल्या कलाकृतींची वाट लागते.

२१ जून
ही ताई, म्हणजे माझी मेव्हणी, शाळेत शिकवते. तिनं रेडीमेड इंजिनवर दोन दिवसांत पाढ्यांचा गेम केला, अख्खा वर्ग खेळतोय. बायकोनं लिंक पाठवली. चौकोनी मांजर, सपाट हिरवी जमीन. किळसवाणं. शत्रूची ताकद कळावी म्हणून खेळून बघितला. दीड तास.

२४ जून
रजा संपली. इंजिन मुळातच चुकलं होतं, पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलंय. आता खरा वेग येईल. प्रदर्शनात जुनंच दाखवू. जाणकारांना अंदाज येतो.

२८ जून
प्रदर्शन. बायको बॅग घेऊन थेट तिथेच आली. टेबल पुसलं, खुर्ची मांडली. दुपारपर्यंत दोन जण टेबलापाशी आले, दोघांनी चार्जिंगचा प्लग कुठे आहे ते विचारलं. मग एक बाई येऊन बसल्या, तब्बल वीस मिनिटं! मी बायकोकडे बघितलं. तीही हसली, सहा वर्षांत पहिल्यांदा या गेमकडे बघून. राहवलं नाही, विचारलं, काय आवडलं? बाई म्हणाल्या, गुडघे दुखतात हो, हॉलभर दुसरी खुर्ची नाही. बायको त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.
बाई उठल्यावर मीच बसलो. डोंगराच्या पायथ्यापासून टोकापर्यंत हा गेम मी कधी खेळलोच नव्हतो. आज सलग खेळलो.
सातव्या मिनिटाला कंटाळा आला.